आंतरजाल दूरध्वनीतील जिटर बफर : उपयोग आणि मर्यादा

आंतरजालावरील संभाषणात आवाज तुटू लागला, की सर्व्हरवरील जिटर बफर वाढविण्याकडे कल असतो. हा उपाय नेहमीच हितकारक ठरतो असे नाही.

जी.711 या ध्वनिसंकेतन पद्धतीत सामान्यतः 20 मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये भरला जातो. म्हणजे सेकंदाला 50 पॅकेटे. ती समान अंतराने निघतात; परंतु वाटेतील राउटरांवर कमीअधिक खोळंबून असमान अंतराने पोहोचतात. या विषमतेस जिटर म्हणतात. जळगाव-धुळे हे सुमारे 90 किलोमीटरचे अंतर प्रकाशतंतूतून कापण्यास जेमतेम अर्धा मिलिसेकंद लागतो. दोष अंतराचा नसून वाटेतील गर्दीचा असतो.

बफर पॅकेटे क्षणभर थोपवून समान गतीने पुढे सोडतो. तो लहान असल्यास उशिरा आलेली पॅकेटे वगळली जाऊन शब्द तुटतात. मोठा असल्यास उत्तर उशिरा पोहोचून दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 शिफारशीनुसार एकेरी विलंब शक्यतो 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. वाटेत 70 व पॅकेट भरण्यात 20 मिलिसेकंद गेल्यास बफरसाठी 60 उरतात.

अ‍ॅस्टरिस्क सर्व्हरवर स्थिर व अनुकूली असे दोन्ही बफर उपलब्ध आहेत. दोन्ही टोकांना आयपी दूरध्वनी संच असल्यास त्यांच्यातच बफर असतो. सर्व्हरवर तो पुन्हा लावल्यास केवळ विलंब वाढतो. कॉल साध्या दूरध्वनी वाहिनीवर वा सामूहिक संभाषणात जात असेल, तेथे मात्र सर्व्हरवरील बफर उपयुक्त ठरतो. म्हणून प्रथम गर्दीच्या वेळचा जिटर मोजावा आणि त्यानंतरच बफरचे मान निश्चित करावे.