‘गावठी’ला बाजारात मान; अंगणात आणि दारात कधी?

गोव्याच्या बाजारात ‘गावठी’ हा शब्द भाव वाढवणारा आहे. गावठी अंडी, गावठी भेंडी, गावठी केळी यांसाठी गिऱ्हाईक चार पैसे अधिक मोजते, कारण त्यांच्या चवीची आणि कसाची त्याला खात्री असते. हाच शब्द कुत्र्याच्या मागे लागला की मात्र त्याचा अर्थ उलटतो. गावठी कुत्रा म्हणजे कोणाचाच नसलेला, रस्त्यावरचा, फुकटचा. झाडांच्या बाबतीतही फारसे वेगळे नाही. घर बांधून झाले की अंगणासाठी रोपवाटिकेतून आणली जातात ती बहुधा दूर देशांतून आलेली शोभेची झाडे, आणि कुंपणाकडेला आपसूक उगवलेले करवंद ‘रान’ म्हणून उपटून टाकले जाते.

या दोन्ही दृष्टिकोनांना छेद देण्याचे काम राज्यातील काही स्वयंसेवी संस्था बरीच वर्षे करीत आहेत. काही संस्था स्थानिक झाडांची ओळख करून देतात, तर काही रस्त्यावरच्या कुत्र्यांचे लसीकरण, निर्बीजीकरण आणि उपचार करून त्यांना घरे मिळवून देतात. ही क्षेत्रे वेगळी असली तरी दोन्हीकडे अडचण एकच आहे. रोप फुकट मिळते, पिल्लूही फुकट मिळते. त्यानंतरची काही वर्षे मात्र कोणीतरी आपली म्हणून स्वीकारावी लागतात. ही जबाबदारी कोणती, हे घेण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

स्थानिक झाड म्हणजे काय?

एखादे झाड गावात शंभर वर्षे दिसते म्हणून ते स्थानिक ठरत नाही. काजू ब्राझीलचा, मिरची आणि अननसही अमेरिका खंडाकडचे. पोर्तुगिजांच्या काळात ते येथे आले आणि गोमंतकीय जेवणात एकरूप झाले. बोगनवेल ब्राझीलची, गुलमोहर मादागास्करचा, देवळासमोरचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेचा. ही सारी झाडे वाईट आहेत असे कोणी म्हणत नाही. प्रश्न येतो तो येथील कीटक, पक्षी आणि माती यांच्याशी असलेल्या नात्याचा.

हे नाते हजारो वर्षांत घडलेले असते. फुलपाखराची मादी कोणत्याही पानावर अंडी घालत नाही. कढीपत्त्यावर आणि लिंबावर ‘कॉमन मॉर्मन’च्या अळ्या वाढतात, बाहव्याच्या कोवळ्या पानांवर ‘एमिग्रंट’ जातीच्या, तर रुईवर ‘प्लेन टायगर’च्या. पश्चिम घाटातले भव्य ‘सदर्न बर्डविंग’ फुलपाखरू सापसंदासारख्या मोजक्या वेलींवर अवलंबून असते. वेल गेली की फुलपाखरूही जाते. अळ्या नाहीत तर बुलबुल आणि शिंजीर यांच्या पिलांना घरटे सोडण्यापूर्वीच्या दिवसांत लागणारे अन्नही नाही. शोभेच्या परदेशी झाडांवर ‘कीड पडत नाही’ असे कौतुकाने सांगितले जाते. त्याचा दुसरा अर्थ असा की येथील जीवसृष्टीला त्यांचा उपयोग फार थोडा होतो.

काही पाहुणी झाडे तर घरच ताब्यात घेतात. फुलांसाठी भारतात आणलेली घाणेरी आणि तिच्यानंतर पसरलेली रानमोडी यांनी रानातली केवढी जमीन व्यापली आहे, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. खाणींच्या मातीच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावण्यात आला. तो वेगाने वाढतो. पण तेथे पूर्वी असलेल्या मिश्र जंगलाची जागा तो भरून काढू शकत नाही.

माटोळी: घराघरातील वनस्पतिशास्त्र

गोमंतकीयांना स्थानिक वनस्पतींचे महत्त्व बाहेरून शिकवण्याची खरे तर गरज नाही. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधली जाणारी माटोळी हे त्याचेच वार्षिक प्रदर्शन आहे. नारळाची पेंड, सुपारीचे कात्रे, कवंडळ, कांगणी, घागऱ्यो, फागलां अशी कितीतरी रानफळे त्या चौकटीला लटकतात. कोणती वेल कोठे सापडते, कोणते फळ कधी तयार होते, हे ज्ञान या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आज माटोळीचे सामान बाजारातून आणणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि मागणी वाढली की रानावरचा ताणही वाढतो. त्यातल्या दोन-चार वेली घराच्या कुंपणावर चढवता आल्या, तर परंपरा आणि वनस्पती दोन्ही टिकतील.

बोटॅनिकल सोसायटी ऑफ गोवा ही संस्था या दिशेने काम करते. तिने भरवलेल्या ‘कोकण फ्रूट फेस्ट’ने पणजीकरांसमोर विस्मरणात चाललेली फळे आणि रोपे आणली. प्रियोळ येथील फुलपाखरू उद्यानात यजमान वनस्पती लावल्या की फुलपाखरे कशी आपोआप येतात, हे प्रत्यक्ष पाहता येते. वन खात्याच्या रोपवाटिका आणि जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था यांच्याकडूनही रोपे आणि सल्ला मिळू शकतो.

कोणते झाड निवडावे? मोठे अंगण असेल तर ओवळ, नागचाफा, सुरंगी, भिरंड. मध्यम जागेत सीता अशोक आणि बाहवा. कुंपणाला करवंद. गॅलरीतल्या कुंडीत आबोली आणि कढीपत्ता. येथे दोन सूचना महत्त्वाच्या. अशोक म्हणून बहुतेक ठिकाणी विकला जातो तो सरळसोट वाढणारा आसोपालव. केशरी फुलांचा सीता अशोक निराळा, आणि तो आता संकटग्रस्त वनस्पतींत गणला जातो. दुसरी गोष्ट भिरंडीची. तिच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी रुजवून केलेल्या रोपांतली सुमारे निम्मी नर निघतात, आणि ते कळायला बरीच वर्षे लागतात. म्हणून फळ हवे असल्यास मादी झाडाचे कलम घ्यावे. रानातली रोपे उपटून आणणे मात्र पूर्णपणे टाळावे. त्यात रोप सहसा जगत नाही आणि रानही उघडे पडते.

वनमहोत्सवाची परंपरा १९५० सालची. कन्हैयालाल मुनशी यांनी ती सुरू केली, तेव्हापासून दर जुलैत रोपे वाटली जातात. पण वाटलेले रोप आणि जगलेले झाड यांत मोठे अंतर असते. पावसाळ्यात सगळीच रोपे हिरवी दिसतात. त्यांची खरी परीक्षा जानेवारी ते मे या महिन्यांत होते. पहिली दोन उन्हाळी वर्षे आठवड्यातून दोन-तीनदा पाणी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन आणि गुरांपासून संरक्षण एवढे मिळाले, तर येथल्या हवामानाला सरावलेले स्थानिक झाड पुढे फारसे काही मागत नाही.

रेबीजमुक्तीची बाजू

कुत्र्यांच्या प्रश्नात गोव्याने जे साधले आहे, त्याची नोंद देशाबाहेरही घेतली गेली. ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारच्या सहकार्याने गावोगावी पथके पाठवून लसीकरणाची मोहीम उभारली. जाळ्याने कुत्रे पकडायचे, जागेवरच लस टोचायची, रंगाची खूण करायची आणि मोबाईलवर नोंद करून पुढच्या वाड्याकडे जायचे, अशी ही पद्धत. २०१३ ते २०१९ या काळातील कामाचा आढावा ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या कार्यक्रमात ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देऊन लसीकरणाचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले, वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत रेबीजविषयक शिक्षण पोहोचले आणि कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. माणसांचे रेबीजमृत्यू त्या काळात थांबले. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. असे करणारे हे देशातील पहिले राज्य.

हे यश एकदा मिळवून कपाटात ठेवण्याजोगे नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य कमी असते. मादीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा, आणि वर्षातून दोनदा ती पिल्ले देऊ शकते. लस न घेतलेली नवी पिल्ले सतत जन्मत असल्याने ७० टक्क्यांचे कवच दरवर्षी नव्याने विणावे लागते. म्हणूनच लसीकरणाला निर्बीजीकरणाची जोड हवी. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे आणि मान्यताप्राप्त प्राणिकल्याण संस्थांच्या मदतीने ती पार पाडायची असते. कानाला कापून केलेली खूण दिसली की त्या कुत्र्याची शस्त्रक्रिया झाली आहे असे समजावे.

नुसते कुत्रे उचलून नेल्याने गल्ली कायमची मोकळी होत नाही. कचरा आणि उष्टे मिळत राहिले तर रिकाम्या हद्दीत दुसरे कुत्रे येतात, आणि त्यांना लस मिळालेली असेलच असे नाही. चावा झाल्यास मात्र कोणताही विचार न करता जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

दत्तक घेताना

आसगावची इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू, कुडचड्याची गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट अशा संस्था जखमी आणि आजारी कुत्र्यांवर उपचार करतात आणि योग्य घर मिळाल्यास त्यांना दत्तक देतात. या संस्थांपुढची अडचण जागेची आहे. बरे झालेले प्रत्येक जनावर घरी गेले तरच पुढच्या जखमी जनावरासाठी पिंजरा रिकामा होतो. मे अखेर किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात, पर्यटकांच्या ताटातले उष्टे बंद होते आणि त्यावर जगणारे कुत्रे पावसात उघड्यावर पडतात. याच ऋतूत निवाऱ्यांवरचा भार वाढतो.

त्यात आता न्यायालयीन आदेशांची भर पडली आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडण्यास मुभा दिली. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांना त्यातून वगळले. नागरिकांनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घ्यावा, आणि घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांच्यावरच राहील, असेही त्या आदेशात होते. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, इस्पितळे, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके येथील कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. असे कुत्रे परत त्याच जागी सोडायचे नसल्याने निवारा आणि दत्तकघर यांची गरज किती वाढते, हे वेगळे सांगायला नको.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. कुत्रा दहा-बारा वर्षे, कधी त्याहून अधिक जगतो. घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे का? सुट्टीत गावी गेल्यावर त्याला कोण सांभाळणार? पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे. सहा ते आठ आठवड्यांपासून त्याच्या लसी सुरू होतात आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस दिली जाते. पुढील मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने चुकवू नयेत. निर्बीजीकरण कधी करावे हेही त्यांनाच विचारावे.

पिल्लांना मागणी असते. वाढलेले कुत्रे मागे राहतात. प्रत्यक्षात नोकरी करणाऱ्या किंवा वयस्क जोडप्याला वाढलेला कुत्रा अधिक सोयीचा ठरतो. त्याचा स्वभाव, आकार आणि आरोग्य घेण्यापूर्वीच दिसते, कुरतडण्याचे वय सरलेले असते. गावठी कुत्र्याची आखूड केसांची कातडी येथील दमट उष्म्याला सरावलेली असते. सपाट नाकाच्या किंवा दाट केसांच्या परदेशी जातींना एप्रिल-मेचा उकाडा अक्षरशः जिवावर बेततो. नव्या घरात पहिले काही दिवस तो कोपऱ्यात बसेल, जेवणार नाही. त्याला रुळायला काही आठवडे द्यावेत. या काळात तो परत करणाऱ्यांनी थोडा धीर धरला असता, तर त्यातली कित्येक नाती टिकली असती.

अंगणही, कुत्राही

झाडे आणि कुत्रा एका घरात आनंदाने नांदू शकतात. मात्र स्थानिक झाड म्हणजे निरुपद्रवी झाड असे मानू नये. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, गुंजेच्या बिया आणि सायकसच्या बिया कुत्र्याच्या पोटात गेल्यास घातक ठरतात. कुंडीतला डिफेनबाखिया चावल्यास तोंड सुजते. रुईचा चीक डोळ्यांना इजा करतो आणि सापसंद खाण्याजोगी नाही. त्यामुळे ही झाडे लावायची तर पिल्लाच्या आवाक्याबाहेर. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी कुत्रे दगावतात. गोगलगायी संध्याकाळी हाताने, हातमोजे घालून वेचणे हा जुना उपाय अधिक सुरक्षित. अंगणातले गवत आखूड ठेवले आणि कुत्र्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात नियमित पाहिले, तर गोचिडांपासून होणारे ताप बऱ्याच अंशी टळतात.

प्रत्येकाला कुत्रा पाळणे शक्य नाही, आणि प्रत्येकाकडे अंगण नसते. तरीही हातभार लावता येतो. वाड्यावर लसीकरणाचे पथक आले की आपल्या ओळखीचे कुत्रे धरून देणे, शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला चार दिवस पडवीत जागा देणे, संस्थेला जुन्या चादरी आणि वर्तमानपत्रे पोहोचवणे, पंचायतीच्या जागेत लावलेल्या रोपाला एप्रिलमध्ये पाणी घालणे, ही कामे लहान असली तरी संस्थांना नेमकी याचीच उणीव भासते. गावठी अंड्याला आपण जास्त पैसे देतो, कारण ते कोठून आले हे आपल्याला ठाऊक असते. दारातला कुत्रा आणि कुंपणाकडचे करवंद कोठून आले, हेही आपल्याला तितकेच ठाऊक आहे.