चिपचा उतारा कशावर ठरतो?

मोडनिंबच्या शिवारात आता विहिरीवरची मोटर मोबाईल स्टार्टरवर चालू-बंद होते. त्या छोट्या डब्यातही चिप असतेच. पण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचं बळ नेमकं कशात आहे, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज वाळूचा. चिप वाळूपासून होते आणि वाळू तर भीमेतही आहे, असं म्हटलं जातं. पण नदीतली वाळू इथे कामाची नाही. शुद्ध क्वार्ट्झमधून काढलेलं सिलिकॉन ९९.९९९९९९९ टक्के शुद्ध करावं लागतं, आणि तरीही तयार चिपच्या किमतीत या कच्च्या मालाचा वाटा किरकोळच राहतो. मजुरीचंही तसंच. कारखान्यात सिलिकॉनच्या चकत्या यंत्रंच इकडून तिकडे नेतात. मोठा खर्च असतो तो यंत्रांचा.

खरी स्पर्धा उताऱ्याची आहे. माढा तालुक्यातल्या ऊसवाल्याला हे वेगळं सांगायला नको: गाळप तेवढंच, पण साखर उतारा घसरला की हिशोब बिघडतो. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर शेकडो प्रक्रिया होतात, त्याला महिनोन्‌महिने लागतात. समजा ५०० टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा ९९.९ टक्के बिनचूक झाला, तरी शेवटी धड निघतात जेमतेम ६० टक्के चिपा. हा उतारा वाढवण्याचं कसब वर्षानुवर्षांच्या सरावातून येतं. ते यंत्रांसोबत खोक्यात भरून मिळत नाही.

चिपच्या तंत्रापुढे लिहिला जाणारा नॅनोमीटरचा आकडा जितका लहान तितकी कंपनी मोठी, हेही अर्धवट खरं. आज तो आकडा पिढीचं नाव झाला आहे, चिपवरच्या कुठल्याही भागाचं माप नव्हे. शिवाय मोटर, गाडी, मीटर यांना जुन्या तंत्राच्या चिपा पुरतात. २०२१ मध्ये महिंद्रासह अनेक वाहन कंपन्यांना उत्पादन कमी करावं लागलं, ते मुख्यतः अशाच साध्या चिपांच्या टंचाईमुळे. अमेरिकेची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स याच प्रकारच्या मालावर भक्कम उभी आहे.

नाव ज्याचं, कारखाना त्याचा, असंही नाही. ॲपल आणि एनव्हिडिया आपल्या चिपा स्वतः बनवत नाहीत. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी काढली ती फक्त दुसऱ्यांच्या आराखड्यांवर चिपा बनवण्यासाठी. ही कंपनी स्वतःच्या नावाची चिप विकत नाही, म्हणून एकमेकांचे स्पर्धक असलेले ग्राहकही तिच्याकडे आपले आराखडे निर्धास्त सोपवतात. माझ्या मते उताऱ्याखालोखाल हा विश्वासच तिची सर्वात मोठी ताकद आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा २०२२ मध्ये महाराष्ट्र हळहळला. रक्कम होती १.५४ लाख कोटी. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. चिप बनवण्याचं सिद्ध तंत्र दोघांपैकी कोणाकडेच नव्हतं. गुजरातमधल्या धोलेऱ्यात टाटांनी ९१,००० कोटींचा कारखाना हाती घेतला तो तैवानच्या पीएसएमसीचं तंत्र सोबत घेऊनच. पुढच्या वेळी आपल्या राज्यात अशी घोषणा झाली, तर कोटींच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: तंत्र कोणाचं, आणि पहिला ग्राहक कोण?