‘नाही’ म्हणण्याचा अधिकार : समुद्रतळाखाली उतरणाऱ्या यंत्रांची परीक्षा

आजचा विषय समुद्राचा आहे, आणि आपण बसलोय आटगावात, कसारा लाइनवर, काळ्या पाषाणाच्या मुलखात. तेव्हा सुरुवात इथूनच करतो.

आमच्या घरामागे एक बोअर आहे. एका वर्षी मे महिन्यात पंप हवा ओढायला लागला. मी दोरीला दगड बांधून आत सोडला. एकशे ऐंशी फुटांवर दोरी सैल पडली. वर ओढली तर दगड कोरडा. पुन्हा सोडली, पुन्हा एकशे ऐंशीलाच सैल, पुन्हा कोरडा. दोन वेळा एकच उत्तर! म्हटलं, संपलं, बोअर आटली. दुसऱ्या दिवशी बोअरच्या कामातला एक अनुभवी माणूस आला. त्याने दगड सोडून दिला आणि लांब, जड लोखंडी सळई बांधली. ती दोनशे दहा फुटांवर ओली झाली. माझा दगड पाण्यापर्यंत पोचलाच नव्हता. मधल्या तांबड्या मातीच्या थरात भोकाची भिंत ढासळून कपार झालेली, तिच्यावर तो बसत होता. दोन्ही वेळा तिथेच.

म्हणजे बघा, माझं मोजमाप खोटं नव्हतं. दगड कोरडा होता हे खरंच. पण ‘पाणी नाही’ म्हणण्याचा अधिकार त्या दगडाला नव्हता. हा अधिकार यंत्राला कसा मिळतो, हा आजचा प्रश्न.

आता समुद्राकडे जाऊ. 2006 साली ‘जॉइडीस रेझोल्युशन’ नावाचं खोदकाम करणारं जहाज मुंबईहून निघालं. भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची ती पहिली मोहीम. 113 दिवसांत 21 ठिकाणी मिळून 39 छिद्रं पाडली गेली. पहिलं ठिकाण आपल्या बाजूच्या अरबी समुद्रात, केरळ-कोकण खोऱ्यात होतं. नंतर जहाज कृष्णा-गोदावरी, महानदी आणि अंदमानकडे गेलं.

गॅस हायड्रेट म्हणजे काय? दिसायला बर्फ, पण पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन वायू कोंडलेला. काडी लावली तर पेटतो. तो टिकतो फक्त थंडीत आणि भरपूर दाबाखाली. आणि इथेच खरी अडचण आहे. समुद्रतळाखालचा गाळ नळीत भरून वर आणायला लागलं की दाब कमी होतो, ऊब वाढते आणि हायड्रेट विरघळायला लागतं. डेकवर नळी पोचेपर्यंत बराचसा पुरावा वायू होऊन उडून गेलेला असतो. साक्षीदार कोर्टात येईपर्यंत नाहीसा होतो म्हणा ना! म्हणून जिथे तो आहे तिथेच जाऊन विचारावं लागतं. त्यासाठी छिद्रात मापनयंत्रं उतरवतात.

त्यातलं एक साधं यंत्र घेऊ, तापमापक. गाळाचा नमुना घेणारी साधारण साडेनऊ मीटरची नळी पाण्याच्या दाबाने गाळात झटक्यात घुसवतात. तिच्या टोकाच्या धारदार कडीतच तापमापक बसवलेला असतो. पण नळी घुसताना घर्षण होतं आणि कडी तापते. म्हणजे मोजायला गेलेल्या यंत्रानेच मोजायची गोष्ट बिघडवली! मग करतात काय? नळी तिथेच सुमारे दहा मिनिटं स्थिर ठेवतात. तापमान हळूहळू उतरतं, त्याची वक्ररेषा नोंदली जाते. ती रेषा पुढे नेली तर कुठे जाऊन स्थिरावेल, हे गणिताने काढतात आणि तेच गाळाचं खरं तापमान धरतात.

आता यातली परीक्षा कुठे आहे, ते पाहा. पहिली प्रयोगशाळेत : ज्ञात तापमानाच्या द्रवात बुडवून तापमापक तपासलेला असतो. दुसरी वाटेवर : गाळात घुसण्याआधी यंत्र समुद्रतळाशी काही मिनिटं थांबवतात. तिथल्या पाण्याचं तापमान प्रत्येक खेपेला जवळपास सारखंच यायला हवं. नाही आलं, तर यंत्रावर संशय. तिसरी खुद्द वक्ररेषेत : त्या दहा मिनिटांत लाटेने जहाज उचललं आणि नळी हलली, तर नव्याने घर्षण होतं आणि रेषेला मध्येच गाठ पडते. अशी नोंद बाजूला काढतात.

कुणी म्हणेल, एका अंशाचा एवढा काय बाऊ? हिशेब करा. खाली जाताना दर किलोमीटरला 40 अंश तापमान वाढतं असं धरलं, तर एका अंशाची चूक म्हणजे खोलीत सुमारे 25 मीटरची चूक. हायड्रेटचा पट्टा कुठे संपतो, हे याच तापमानावर ठरतं. आठमजली इमारतीएवढी चूक झाली, तर साठ्याचा अंदाजच कोसळतो.

दुसऱ्या प्रकारची यंत्रं केबलला बांधून छिद्रात सोडतात आणि वर ओढत ओढत नोंद घेतात. ही पद्धत तेलविहिरींतून आली. 1927 साली फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथे श्लुंबर्जे बंधूंच्या चमूने अशी पहिली नोंद घेतली. खडकाचा वीजविरोध, त्यातून जाणारा ध्वनीचा वेग, घनता, नैसर्गिक गॅमा किरण, हे सगळं अशा यंत्रांनी मोजता येतं. गाळात हायड्रेट असेल तर वीजविरोध वाढतो आणि ध्वनीचा वेगही वाढतो.

या यंत्रांच्याही कसोट्या आहेत. घनता मोजणारं यंत्र ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या ठोकळ्यांवर लावून पाहतात, कारण त्यांची घनता आधीच ठाऊक असते. गॅमा किरणांचं एकक तर ह्यूस्टन विद्यापीठातल्या काँक्रीटच्या खड्ड्यांवरून ठरलं. कमी आणि जास्त किरणोत्सारी काँक्रीटमधला फरक म्हणजे 200 एककं, अशी व्याख्याच केली. मग प्रत्यक्ष छिद्रात एकाच भागाची नोंद दोनदा घेतात. जहाजाच्या वर-खाली होण्याने केबल हेलकावू नये म्हणून ते हेलकावे शोषणारी यंत्रणा जहाजावर असते.

पण माझा दगड आठवा. त्याचीही नोंद दोनदा जुळली होती! दोनदा जुळणं म्हणजे यंत्र चंचल नाही, एवढंच सिद्ध होतं. एकच चूक दोनदा होऊ शकते. म्हणून यंत्रासोबत एक मापक दांडी असते. ती पसरून छिद्राची रुंदी मोजते. भिंत ढासळून पोकळी झाली असेल, तर घनतेचं यंत्र भिंतीला टेकत नाही, मधलं पाणीच मोजतं. रुंदीची नोंद शेजारी ठेवली की कळतं, इथला आकडा धरायचा नाही. आणि शेवटी वेगळ्या जातीचा साक्षीदार हवा. हायड्रेट विरघळलं की गोडं पाणी सुटतं, त्यामुळे गाळातल्या पाण्याचा खारटपणा कमी होतो. विरघळताना ते उष्णता शोषतं, म्हणून डेकवर आणलेल्या नळीवर इन्फ्रारेड कॅमेऱ्यात थंड डाग दिसतात. वीजविरोध, खारटपणा, थंड डाग : तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. ते एकच सांगत असतील तर मानावं.

आता मूळ प्रश्नावर येतो. केरळ-कोकण खोऱ्यातल्या त्या ठिकाणी हायड्रेट आढळलं नाही. त्याच मोहिमेत पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात शंभर मीटरहून जाड असा हायड्रेटयुक्त थर मिळाला. वर्तमानपत्रांना दुसरी बातमी मोठी वाटणार. मला तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून पहिली मोठी वाटते.

आपल्याकडे मीमांसेत कुमारिल भट्टांच्या परंपरेने ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. नैयायिकांनी ते स्वतंत्र प्रमाण मानलं नाही, पण एका अटीवर दोघांचं एकमत होतं : योग्यता. घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये आडोसा नको.

यंत्राची परीक्षा म्हणजे हीच योग्यता मिळवणं. ‘आहे’ म्हणायला एक चांगला ठसा पुरतो. ‘नाही’ म्हणायला आधी सिद्ध करावं लागतं की असतं तर मला दिसलंच असतं. कृष्णा-गोदावरीत सापडलं, म्हणून शोधण्याची रीत आंधळी नव्हती हे कळलं. त्यामुळे कोकणच्या बाजूच्या त्या छिद्रातलं ‘नाही’ आणखी भक्कम झालं. अर्थात ते त्या छिद्रापुरतं, साऱ्या अरबी समुद्रापुरतं नव्हे, हेही लक्षात ठेवायचं.

परीक्षा आधीच का करायची, याचंही कारण आहे. रशियातल्या कोला इथल्या 12 किलोमीटरहून खोल छिद्रात तळाशी 100 अंशांच्या आसपास तापमान अपेक्षित होतं, निघालं 180. यंत्राची कसोटी आधी झालेली नसेल, तर असा नकोसा आकडा आला की आपण म्हणतो, यंत्र बिघडलं. आणि हवासा आकडा आला की यंत्र उत्तम! आधी परीक्षा केली असेल तरच नावडतं उत्तर ऐकून घ्यावं लागतं.

मंडळी, आपल्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुंबईची तहान इथून भागते आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी कुणी येऊन ‘इथे पाणी नाही’ असं सांगितलं, तर तो शब्द फार महागात पडतो. तेव्हा पुढच्या वेळी भांडू नका, फक्त एक प्रश्न विचारा : पाणी असतं, तर तुमच्या दोरीला ते कळलं असतं का?