जपानी ताब्यातले निकोबारी : महायुद्धात बेटांवर काय घडले?

अंदमान-निकोबार म्हटले की आपल्याला सेल्युलर जेल आठवते, तिथले मूळ रहिवासी क्वचितच. २३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य अंदमानात उतरले. ब्रिटिश फौज आधीच निघून गेली होती. पुढे निकोबारही जपानच्या ताब्यात गेले. कार निकोबारवर धावपट्टीसाठी निकोबारींना सक्तीने राबवले गेले. १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांचे हल्ले वाढले, तसा संशय याच लोकांवर आला : हे शत्रूला इशारे देतात! त्या आरोपाखाली अनेकांना छळून मारण्यात आले. १९४६ मध्ये सिंगापूरच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयात जपानी अधिकाऱ्यांवर खटला चालला. जपानी कैदेतून वाचलेले निकोबारी धर्मगुरू जॉन रिचर्डसन १९५२ मध्ये बेटांचे पहिले खासदार झाले. निवडून नव्हे, राष्ट्रपतींच्या नियुक्तीने.