लॅपटॉप मांडीवरून टेबलावर

1982 सालचा ग्रिड कंपास हा पडदा मिटून ठेवता येणारा अगदी सुरुवातीचा लॅपटॉप. बिल मॉग्रिज यांच्या या रचनेमुळे संगणक उचलून नेता आला, पण पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडले गेले. दुखण्याचं मूळ इथेच आहे. हात सोयीच्या उंचीवर ठेवले तर मान वाकते. पडदा वर घेतला तर खांदे चढतात. डोक्याचं वजन साधारण 5 किलो. ते तासन्‌तास पुढे झुकलं की मानेचे स्नायू आखडणारच.

म्हणून रोज दीर्घकाळ काम करणाऱ्याने वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावाच. महागड्या खुर्चीआधी हा खर्च करावा. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं रचून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. खिडकी बाजूला असावी, पाठीमागे किंवा समोर नको.

गादीवर लॅपटॉप ठेवला की हवेची छिद्रं बुजतात. मांडीवरची उष्णताही साधी नाही. दररोज काही तास मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळणाऱ्या 12 वर्षांच्या मुलाच्या त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग उमटल्याची नोंद 2010 साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आली.

धातूच्या लॅपटॉपला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. टचपॅड वर उचललेला दिसला, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जिंग लगेच थांबवावं, बॅटरी दाबू किंवा टोचू नये, आणि लॅपटॉप दुरुस्ती केंद्रात द्यावा.