मडके वाजवून घेणारे कान

‘आम्हाला त्यातले काय कळते?’ शास्त्रीय संगीताचा विषय निघाला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात हे वाक्य हमखास कानी पडते. बोलणारा हसत बोलतो, पण त्या हसण्यात माघार असते. हे गाणे पुण्या-मुंबईकडचे, आपण आपले भजन-भारूड ऐकावे, अशी समजूत खोलवर रुजली आहे. तिला कारणही आहे. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते, १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात भरू लागला. आमचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या दरबारांचा, त्या मैफलींचा शेजार आम्हाला लाभला नाही.

पण शेजार नव्हता म्हणून कान नव्हता, असे मात्र नाही. तुळजाभवानीचा गोंधळ आपण लहानपणापासून ऐकतो. संबळ कडाडत असते आणि तुणतुण्याची एकच तार एकाच सुरात झणझणत राहते. त्या सुराला धरून गोंधळी गातो. बैठकीत तंबोरा हेच काम करतो; तारा चार आणि नाद अधिक भरीव. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा तर इथल्या पोरासोरांच्याही टाळ्यांत मुरलेल्या आहेत. मग आपल्याला ‘काही कळत नाही’ कसे?

आमच्याकडच्या भजनात पखवाज वाजवणारे एक काका होते. एका दुपारी त्यांना मी भीमसेन जोशींचा भीमपलास ऐकायला बसवले. ‘मला काय कळतंय बाबा त्यातलं?’ म्हणत ते भिंतीला टेकले. विलंबित ख्याल सुरू झाला. पाच-सात मिनिटे ते गप्प होते. मग गायक तान घेऊन मुखड्याकडे वळला आणि काकांचा हात मांडीवर नेमका समेला पडला. ‘आला की बघ जागेवर!’ ते ताठ बसत म्हणाले. ख्याल हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला होता. निघताना म्हणाले, ‘एवढी वर्षं झाली, बस, ऐक, असं कुणी म्हणलंच नाही.’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्या भागात किती कान असे नुसते आमंत्रणाअभावी राहून गेले असतील!

तेव्हा सुरुवात कशी करावी? ओळखीच्या गाण्यापासून. ‘गुळाचा गणपती’ या १९५३ च्या चित्रपटातले ‘इंद्रायणी काठी’ घरोघर माहीत आहे. शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची, गळा भीमसेनांचा आणि राग भीमपलास. ते दोनदा ऐका. लगेच भीमपलासचाच ख्याल लावा. हा दिवसाच्या तिसऱ्या प्रहराचा राग. जेवणे उरकून घर निवांत झाले की त्याला जागा मिळते. पंधरा मिनिटे पुरेत. गाण्यातली एखादी ओळखीची वळणे ख्यालात भेटतील. गर्दीत आपल्या गावचा माणूस दिसावा तसे वाटेल.

शब्द कळले नाहीत तर अडून बसू नका. विलंबितात ते मुद्दामच लांबवलेले असतात. तबल्याकडे कान ठेवा. विलंबित एकतालाच्या मात्रा बारा, पुढच्या द्रुत तीनतालाच्या सोळा. त्या मोजल्याच पाहिजेत असे नाही. मुखडा कुठे परत येतो आणि कुठे टेकतो, एवढेच पाहा. जिथे तुमची मान आपोआप हलेल, ती सम.

आठवडाभर तोच राग ऐका. रोज नवा राग ऐकणे म्हणजे जत्रेत रोज नवा चेहरा पाहणे. ओळख कुणाशीच होत नाही. पुढच्या आठवड्यात किशोरी आमोणकरांचा भूप घ्या. सा, रे, ग, प, ध या पाचच सुरांचा हा राग, वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. पूर्वी यासाठी रेडिओच्या वेळा सांभाळाव्या लागत. आता मोबाइलवर हवे ते, हवे तेव्हा मिळते. मुलांना जवळ बसवा, पण रागाचे नाव विचारून त्यांची परीक्षा घेऊ नका. त्यांना चुळबुळ करू द्या. कान उघडेच असतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका थापटण्याने मडकी पारखत. संतमेळ्यात त्यांनी एकेकाचे डोके तसेच पारखले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, अशी आख्यायिका आहे. पण नामदेव तिथे थांबले नाहीत. विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. कानाचेही असेच आहे. आजही आपल्या बाजारात मडके घेताना बायाबापड्या बोटाने वाजवून आवाज पारखतात आणि फसत नाहीत. ज्यांना तो नाद कळतो, त्यांना भीमपलास परका कसा राहील? त्याला थोडी सवड द्या. भट्टी हळूहळूच तापते.