सेवेच्या पाकिटातली जाहिरात

‘तुमचा ९० टक्के डेटा संपला आहे. अमुक रुपयांचा रिचार्ज करा आणि तीन महिने चित्रपट फुकट पाहा.’ अशा धाटणीचा संदेश मोबाइल बाळगणाऱ्या कुणालाही परका नाही. त्यात दोन वाक्ये आहेत आणि ती दोन वेगळ्या हेतूंनी लिहिलेली आहेत. पहिल्या वाक्यावर ग्राहकाचा हक्क आहे. डेटा-मर्यादेचा ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवलेच पाहिजे, असे बंधन भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, ग्राहक-संरक्षण नियमांनी कंपन्यांवर घातले आहे. दुसरे वाक्य मात्र निखळ विक्रीचे आहे. नको असलेल्या संदेशांविरुद्ध आपल्याकडे वीस वर्षे जी लढाई चालू आहे, ती या दोन वाक्यांमधल्या पूर्णविरामापाशी येऊन अडते, असे मला वाटते. परक्या जाहिरातदाराला दाराबाहेर ठेवण्याचे नियम आपण बरेच कडक केले. पण टपाल आणणारा पोस्टमनच स्वतःची पत्रके पाकिटात सारत असेल तर काय करायचे, याचे धड उत्तर त्या नियमांना आजवर देता आलेले नाही.

या लढाईची सुरुवात न्यायालयात झाली. नको असलेल्या विक्री-कॉलविरुद्ध २००५ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. पुढे २००७ मध्ये ट्रायने पहिली नियमावली आणली आणि ‘नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री’ उभी राहिली. तिची रचना अशी होती की ज्याला त्रास नको त्याने आपला नंबर यादीत घालायचा, आणि विक्रेत्याने आपल्याकडची यादी तिच्याशी ताडून ते नंबर स्वतःच वगळायचे. म्हणजे राखणीचे काम ज्याच्यापासून राखायचे त्याच्याकडेच. ती व्यवस्था फसली याचे आश्चर्य वाटायला नको. १ डिसेंबर २०१० ची नवी नियमावली २७ सप्टेंबर २०११ पासून अमलात आली. तिने विक्रेत्यांची नोंदणी सक्तीची केली आणि ग्राहकाला बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा सात प्रकारांतून निवड करण्याची मुभा दिली. मात्र मूळ गृहीतक तेच राहिले. ग्राहक गप्प असेल तर त्याची हरकत नाही असे समजायचे. हरकत असेल तर त्यानेच उठून १९०९ वर कळवायचे. शिवाय खात्याची माहिती देणारे ‘व्यवहारविषयक’ संदेश या बंदीतून वगळले गेले, आणि तसे संदेश पाठवू शकणाऱ्यांत बँका, विमा कंपन्यांबरोबर खुद्द दूरसंचार कंपन्याही होत्या. सवलत वाजवीच होती. बिलाची तारीख कुणाला नको असते? पण दार उघडे राहिले ते इथेच.

१९ जुलै २०१८ ची नियमावली यापुढे बरीच मजल मारते. व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ब्लॉकचेनसारख्या सामायिक नोंदवहीवर आपले नाव, आपला ‘हेडर’, म्हणजे संदेशावर दिसणारे पाठवणाऱ्याचे सांकेतिक नाव, आणि संदेशाचा साचा, म्हणजे ‘टेम्प्लेट’, आधी नोंदवायचा. प्रत्यक्ष संदेश त्या साच्याशी जुळला तरच तो पुढे जाणार. हेडरची पहिली दोन अक्षरेही बोलकी असतात. पहिले कंपनीचे, दुसरे संदेश ज्या मंडळातून निघाला त्याचे. ‘एम’ म्हणजे मुंबई, ‘झेड’ म्हणजे उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. (दुसरे अक्षर उगमाचे असल्यामुळे पुण्यातल्या माणसाला दिल्लीचे ‘डी’ दिसले तर त्यात गौडबंगाल काही नाही.) २०२५ पासून हेडरच्या शेवटी संदेशाची जातही लिहिली जाते. ‘पी’ प्रचाराची, ‘एस’ सेवेची, ‘टी’ व्यवहाराची, ‘जी’ सरकारी. कागदावर ही वर्गवारी चोख आहे. पण साचे नोंदवून घेणाऱ्या याच दूरसंचार कंपन्या, चाळणी चालवणाऱ्या याच, आणि ग्राहकाची तक्रार प्रथम ऐकणाऱ्याही याच. एका जाळ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या व्यावसायिक संदेशावर पोहोचवणाऱ्या कंपनीला ५ पैशांपर्यंत आकार घेता येतो, म्हणजे वाहतूक वाढण्यात तिचे नुकसान नाही. संदेश तिचा स्वतःचा असेल तेव्हा तर पाठवणारी आणि गाळणारी यांत अंतरच उरत नाही.

कंपनीला ग्राहकाच्या गप्प राहण्याचा भरवसा किती वाटतो, याचा एक जुना दाखला उपलब्ध आहे. कॉलर ट्यून, क्रिकेटचा धावफलक, राशिभविष्य अशा ‘मूल्यवर्धित सेवा’ ग्राहकाच्या नकळत सुरू होऊन पैसे कापले जाण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ट्रायला २०१३ मध्ये दुहेरी संमतीचा आदेश काढावा लागला. सेवा सुरू करताना एकदा होकार, पैसे कापण्याआधी पुन्हा एकदा. बंद करण्यासाठी १५५२२३ हा सर्व कंपन्यांना समान असा निःशुल्क क्रमांक ठरला. पैसे कापण्याच्या बाबतीत नियामकाने दोन होकार मागितले. लक्ष वेधून घेण्याच्या बाबतीत एकही मागितला नाही.

आज ग्राहकाच्या हाती जे उपाय आहेत ते वापरून पाहिले की ही भेग नेमकी दिसते. १९०९ वर ‘फुल्ली ब्लॉक’ असा इंग्रजी संदेश पाठवला की सर्व प्रकारचा प्रचार बंद व्हायला हवा. पडद्यावर अचानक उगवणाऱ्या आणि चुकून ‘ओके’ दाबायला लावणाऱ्या चौकटी फोनमधल्या ‘सिम टूलकिट’मध्ये शिरून बंद कराव्या लागतात, त्यांचा १९०९ शी संबंध नाही. नको तो संदेश आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत तीन दिवसांची होती. प्रत्येक प्रचार-संदेशात ‘यापुढे नको’ म्हणण्याची सोय हवी, आणि एकदा नको म्हटल्यावर ९० दिवस पुन्हा संमती मागायची नाही, हेही त्याच दुरुस्तीने घातले. सगळे उत्तम. पण हे सारे ‘पी’ शेपटीच्या संदेशापुरते. ‘एस’च्या पाकिटात आलेल्या जाहिरातीला नको म्हणायचे तर डेटा संपल्याची सूचनाही नको म्हणावी लागेल.

यावर पहिली हरकत ठरलेली असते: पुसून टाका, एवढे काय? पुसायला दोन सेकंद लागतात हे खरे. पण नुकसान त्या दोन सेकंदांचे नाही. कंपनीकडून येणारे दहापैकी नऊ संदेश न वाचण्याजोगे असतील, तर दहावाही न वाचता जातो, आणि दहावा सिम बंद होण्याचा इशारा असू शकतो. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. चाळणी फार बारीक केली की धान्यही अडते. ८ मार्च २०२१ रोजी साचे ताडण्याची यंत्रणा पूर्ण ताकदीने सुरू झाली आणि बँकांचे ओटीपी अडकले, लसीकरणाच्या नोंदणीत खोळंबा झाला. ट्रायला ती सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. मात्र तो गोंधळ बारीक जाळीमुळे झाला नाही, अनेक संस्थांनी साचे वेळेवर नोंदवले नव्हते म्हणून झाला. तिसरी हरकत अशी की खरा उच्छाद दहा आकडी खासगी नंबरांवरून आणि फसवणुकीच्या दुव्यांतून होतो. कंपनीची जाहिरात त्यापुढे किरकोळ. हे मान्य. त्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांच्या जोडण्या तोडण्याचा आदेश निघाला आणि १ ऑक्टोबरपासून अनोळखी दुवे असलेले संदेश अडवले जाऊ लागले. पण ठकाला ओळखायचे तर खऱ्या संदेशाचा तोंडवळा स्थिर हवा. कंपनीच आपल्या सूचनेत घाई करणारे आमिष आणि दुवा घालत असेल, तर ती ग्राहकाला ठकाच्याच भाषेची सवय लावते.

उरते ते व्यापाऱ्याचे म्हणणे: आपल्याच ग्राहकाला आपलाच माल सुचवण्यात गैर काय? युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने हा मुद्दा गंभीरपणे घेतला. तिथे जाहिरातीसाठी आधी संमती लागते. पण स्वतःच्या ग्राहकाला तत्सम वस्तू सुचवायला विक्रेत्याला सूट आहे, प्रत्येक संदेशात नकाराचे दार ठेवण्याच्या अटीवर. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे हवे, हे तत्त्व आले आहे. ते इथे लावायचे तर नवे तंत्रज्ञान लागत नाही. साचा आधी नोंदवावाच लागतो, शेपटीचे अक्षर ठरलेलेच आहे. ज्या साच्यात सूचना आणि विक्री दोन्ही आहेत तो ‘एस’ म्हणून नोंदवायचाच नाही, आणि दूरसंचार कंपनीचे स्वतःचे साचे तिने न तपासता बाहेरच्या कुणी तपासायचे.

याचा एक फायदा मराठी वाचकाला वेगळा आहे. रोमन लिपीतल्या संदेशाला १६० अक्षरांची जागा मिळते, युनिकोडमधल्या देवनागरीला ७०, आणि तिथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सारे वेगळे मोजले जाते. लांबलचक मिश्र संदेश मराठीत पाठवायचा तर दोन-तीन तुकड्यांचा खर्च पडतो. ‘तुमचा ९० टक्के डेटा संपला आहे.’ हे वाक्य मोजून पाहिले. जागा आणि पूर्णविराम धरून ते ३० खुणांत बसते.